पेनांगची कावड

मलायी भाषेत सुपारीला ‘पिनांग’ म्हणतात. मलाक्काच्या सामुद्रधुनीच्या उत्तर तोंडाशी, मलाया द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्याला लागून असलेल्या एका बेटाला तेथील लोकांनी ‘पुलाउ पिनांग’, म्हणजे सुपारीचे बेट, असे नाव दिले आणि पुढे जगाच्या नकाशावर ते ‘पेनांग’ म्हणून रूढ झाले. श्रीवर्धनच्या पोफळीच्या वाड्या ज्याने पाहिल्या आहेत, त्या मराठी माणसाला हे नाव मुळीच परके वाटू नये. या बेटाच्या ईशान्य टोकाला जॉर्ज टाऊन नावाचे शहर वसलेले आहे. आज ते मलेशियाच्या संघराज्यातील पेनांग या घटक राज्याच्या राजधानीचे ठिकाण आहे.

काही शहरांची ओळख राजवाड्यांवरून पटते, काहींची किल्ल्यांवरून, तर काहींची विद्यापीठांवरून. जॉर्ज टाऊनची ओळख त्याच्या रस्त्यांवरून पटते. तेथील घरे रस्त्याला खेटून उभी आहेत, देवळे आणि मशिदी रस्त्यावर आहेत, शहराचा उत्तम स्वयंपाक रस्त्याच्या कडेला होतो, आणि अलीकडच्या काळात चित्रकलेनेही तेथे दालनाऐवजी रस्त्याकडेची भिंतच पसंत केली आहे. युनेस्कोने ७ जुलै २००८ रोजी मलाक्का आणि जॉर्ज टाऊन या दोन नगरांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, ती एखाद्या भव्य वास्तूसाठी दिली नाही. अनेक देशांचे, अनेक धर्मांचे लोक एकाच पेठेत शेजारी शेजारी कसे राहिले, याची जिवंत साक्ष या नगरांत मिळते म्हणून ती दिली. प्रश्न असा की, ही साक्ष देणार कोण? भिंती, की त्यांच्या आड राहणारी माणसे? पेनांगच्या रस्त्यांची कहाणी ही मूलतः या प्रश्नाची कहाणी आहे.

हे शहर फार प्राचीन नाही. १७८६ मध्ये फ्रान्सिस लाइट या धाडसी इंग्रज कप्तानाने केदाहच्या सुलतानाकडून हे बेट ईस्ट इंडिया कंपनीसाठी मिळविले. सयामच्या भयाने त्रस्त झालेल्या सुलतानाला त्या बदल्यात इंग्रजांच्या लष्करी पाठबळाची अपेक्षा होती. ते पाठबळ त्याला कधीच लाभले नाही. १७९१ मध्ये त्याने बेट परत घेण्याचा प्रयत्न केला, तो फसला, आणि वार्षिक सहा हजार स्पॅनिश डॉलरांवर त्याला समाधान मानावे लागले. इंग्रजांच्या बखरीत या शहराचा आरंभ मोठ्या अभिमानाने सांगितला जातो. त्याच्या पायात हे एक मोडलेले वचनही पुरलेले आहे, हे विसरता येत नाही.

बेटावर त्या वेळी घनदाट रान होते. मजुरांनी ते उत्साहाने तोडावे म्हणून लाइटने तोफेत चांदीची नाणी भरून ती रानात डागली, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, त्याने योजलेला दुसरा उपाय मात्र निश्चित खरा होता. बंदर जकातमुक्त ठेवावयाचे आणि जो जेवढी जमीन साफ करील तेवढी त्याला द्यावयाची, हे ते धोरण. मग काय विचारता! दक्षिण चीनमधून होकिएन आणि कँटनी लोक आले, कोरोमंडलच्या किनाऱ्यावरून तामिळ मुसलमान व्यापारी आले, सुमात्रातून आचेनी आले. अरब, आर्मेनियन, ब्रह्मी आणि सयामी लोकही आले. बीच स्ट्रीट, लाइट स्ट्रीट, पिट स्ट्रीट आणि चुलिया स्ट्रीट या चार रस्त्यांच्या चौकटीत पहिले शहर आखले गेले. ‘चुलिया’ हे तामिळ मुसलमानांचे तेव्हाचे नाव. म्हणजे शहराच्या चार मूळ सीमारेषांपैकी एक रेषा आरंभापासून भारतीयांच्या नावे लिहिली गेली.

भारताशी या बेटाचा संबंध एवढ्यावरच थांबत नाही. १८०५ मध्ये कंपनीने पेनांगला बंगाल, मद्रास आणि मुंबई यांच्या जोडीने हिंदुस्थानातील चौथ्या इलाख्याचा दर्जा दिला. १८२६ मध्ये सिंगापूर आणि मलाक्का यांच्यासह त्याची सामुद्रधुनी वसाहत बनली, आणि १८६७ पर्यंत तिची अंतिम सूत्रे हिंदुस्थान सरकारच्याच हाती होती. १८०३ मध्ये असईच्या रणांगणावर शिंदे आणि भोसले यांच्या फौजांशी ज्याने झुंज घेतली, तो आर्थर वेलस्ली त्याआधी सहा वर्षे, म्हणजे १७९७ मध्ये, मनिलावरील नियोजित स्वारीच्या निमित्ताने याच बेटावर येऊन राहिला होता. समोरच्या किनाऱ्यावरची जी पट्टी १८०० मध्ये कंपनीने घेतली, तिला त्याच्या वडील बंधूचे, गव्हर्नर जनरलचे, नाव मिळाले. राज्यकर्त्यांच्या पाठोपाठ बेड्या घातलेली माणसेही आली. बंगाल, मद्रास आणि मुंबई या तिन्ही इलाख्यांतून जन्मठेपेचे कैदी सामुद्रधुनीच्या या वसाहतींत धाडले जात. अंदमानचे नाव धास्तीने घेतले जाऊ लागण्यापूर्वी काळे पाणी ते हे. त्या कैद्यांनी रस्ते बांधले, दलदली बुजविल्या. पिट स्ट्रीटच्या टोकाला उभे असलेले सेंट जॉर्जचे पांढरेशुभ्र चर्च १८१८ मध्ये पुरे झाले, तेही त्यांच्याच श्रमांनी. त्या बांधकामावर देखरेख करणारा अभियंता रॉबर्ट स्मिथ हा पुढे दिल्लीस गेला आणि त्याने कुतुबमिनाराची दुरुस्ती केली.

या पिट स्ट्रीटला आता ‘जालान मस्जिद कपितान केलिंग’ असे नाव आहे. तो रस्ता पायी चालावयास फार वेळ लागत नाही, परंतु तेवढ्या चालण्यात चार धर्म भेटतात. चर्च मागे टाकले की उदबत्त्यांच्या धुरात बुडालेले, करुणादेवी क्वान यिन हिचे चिनी मंदिर लागते. होकिएन आणि कँटनी या एरवी एकमेकांशी फटकून असणाऱ्या समाजांनी ते मिळून उभारले. लगतच्या क्वीन स्ट्रीटवर १८३३ मध्ये स्थापन झालेले मारिअम्मनचे देऊळ आहे. त्याचे गोपुर पाहून मद्रासेकडील प्रवाशाला घरी आल्यासारखे वाटते. पुढे कपितान केलिंग मशीद आहे. तामिळ मुसलमानांचा पुढारी कादर मोहिउद्दीन याने कंपनीने दिलेल्या जमिनीवर १८०१ मध्ये ती वसविली. ‘केलिंग’ हा शब्द आपल्या कलिंग देशाच्या नावावरून आलेला. पूर्वेकडील बेटांशी कलिंगचा जो जुना व्यवहार होता, त्याची ती खूण. परंतु काळाच्या ओघात या शब्दाला हीनतेचा वास चिकटला, आणि मलेशियातील भारतीयांना तो आज अपमानास्पद वाटतो. शब्दांच्याही नशिबी असे चढउतार असतात.

या रस्त्यावर सदैव स्नेहच नांदला, असे मात्र कोणी समजू नये. ऑगस्ट १८६७ मध्ये चिनी गुप्त मंडळ्या आणि त्यांना मिळालेले मलायी गट यांच्यात सुमारे दहा दिवस दंगल चालली. तेथील कॅनन स्ट्रीटचे, म्हणजे तोफेच्या गल्लीचे, नाव त्या दंगलीत तोफगोळ्यांनी पडलेल्या भोकांवरून आले असे सांगतात. तरीही दंगल शमल्यावर लोक आपापल्या घरी परतले, आणि ती घरे पूर्वीप्रमाणेच एकमेकांना लागून उभी राहिली. सहजीवन हे नेहमी प्रेमातूनच जन्मते असे नाही. पुष्कळदा ते भिंतीला भिंत लागल्यामुळे पत्करावे लागते आणि सवयीने गोड होते.

ही घरे कशी असतात, ते पाहण्यासारखे आहे. पुढे दुकान आणि वर किंवा मागे बिऱ्हाड, अशी त्यांची मूळ रचना. दर्शनी बाजू अरुंद, पण घर आत लांबवर गेलेले. मधोमध छपराला उघडा चौक ठेवलेला असतो. त्यातून उजेड येतो, वारा खेळतो आणि पाऊसही सरळ घरात उतरतो. आपल्या वाड्यांतल्या चौकाचेच हे आखूड रूप म्हणावयास हरकत नाही. दुकानांच्या पुढून, वरच्या मजल्याच्या आडोशाने, एक छत असलेली पायवाट जाते; तिला ‘पाच फुटी वाट’ म्हणतात. जागा मालकाची, पण वाट सर्वांची, असा तिचा नियम. उन्हाची तिरीप आणि पावसाची झड या दोहोंपासून पादचाऱ्याचे रक्षण करणारी ही वाट शिंप्याची कामाची जागा होते, म्हाताऱ्यांची बैठक होते आणि संध्याकाळी फेरीवाल्याचे स्वयंपाकघरही होते. भिंतींना गिलावा चुन्याचा. या देशातील दमट हवेत चुन्याची भिंत ओल शोषते आणि बाहेर टाकते. तिच्यावर सिमेंट थापले की ओल आतच कोंडते आणि वीट कुजू लागते. लीथ स्ट्रीटवर चिनी धनिक चिआँग फॅट त्से याचा जो प्रख्यात निळा वाडा आहे, त्याचा रंग म्हणजे चुन्यात कालवलेली नीळ, आणि ती नीळ भारतातून येत असे.

रस्त्यांना येथे एकेकच नाव नसते. इंग्रजांनी एक नाव द्यावे, मलायी लोकांनी दुसरे वापरावे, आणि चिन्यांनी तेथे चालणाऱ्या धंद्यावरून तिसरेच ठेवावे, असा प्रकार. सरकारी दप्तरात जी आर्मेनियन स्ट्रीट, ती होकिएन बोलीत तांब्याची भांडी घडविणाऱ्यांची गल्ली. पुण्याच्या माणसाने तिला खुशाल तांबट आळी म्हणावे. याच गल्लीतील एका घरातून १९१० मध्ये डॉ. सन यत्‌-सेन यांनी चिनी राज्यक्रांतीची सूत्रे हलविली. जवळच खू कुळाचे १९०६ मध्ये पुरे झालेले, सोनेरी कोरीव कामाने लखलखणारे कुलमंदिर आहे. आणि समुद्राकडे गेले की धक्क्यालगत लाकडी खांबांवर, थेट पाण्यात उभ्या असलेल्या वस्त्या दिसतात. च्यू, तान, ली, लिम अशा एकेका आडनावाची एकेक वस्ती. हमाल आणि नावाडी असलेल्या या लोकांना जमिनीवर जागा मिळाली नाही, म्हणून त्यांनी पाण्यावर गाव वसविले.

आता पेनांगच्या अन्नाकडे वळले पाहिजे. कारण या शहराचा खरा इतिहास जर कोठे चविष्ट भाषेत लिहिलेला असेल, तर तो तेथील हातगाड्यांवर. ‘नासी कांदार’ हा तेथील एक लोकप्रिय पदार्थ. ‘नासी’ म्हणजे शिजलेला भात आणि ‘कांदार’ म्हणजे खांद्यावर कावड वाहणे. तामिळ मुसलमान विक्रेते एका पारड्यात भाताची हंडी आणि दुसऱ्यात कालवणाची भांडी अशी कावड खांद्यावर घेऊन धक्क्यावर जात आणि गोदीतल्या मजुरांना जेवू घालीत. आज कावडी गेल्या, उपाहारगृहे आली, पण नाव तेच राहिले. भातावर एकाच कालवणाचा रस्सा न घेता चार-पाच कालवणांचे रस्से एकत्र ओतून घेण्याची तेथे रीत आहे. तिला ‘बांजिर’, म्हणजे पूर, म्हणतात. मासळी, मटण, अंडे, भेंडी या सर्वांचा रस एकमेकांत मिसळून जी चव होते, तिला स्वतंत्र नाव देता येत नाही. हे विक्रेते ‘मामाक’ म्हणून ओळखले जातात. हा शब्द तामिळ ‘मामा’वरून आला. आपल्याकडेही अनोळखी वडीलधाऱ्याला मामा म्हणून हाक मारण्याची चाल आहेच.

दुसरा पदार्थ ‘आसम लाक्सा’. मलायी भाषेत ‘आसम’ म्हणजे आंबट. या पदार्थाचा आधार जो मासा, तो म्हणजे कोकणपट्टीवर घरोघरी शिजणारा बांगडाच. तो उकडून, काटे काढून, चिंचेच्या आंबट तिखट रस्स्यात कुस्करतात. त्यात ‘आसम गेलुगोर’ या फळाच्या वाळवलेल्या चकत्या घालतात. हे झाड आपल्या कोकमाच्या कुळातले. चकत्यांचे कामही आमसुलाचेच. हा रस्सा तांदळाच्या जाड शेवयांवर ओततात, आणि वरून पुदिना, कांदा, काकडी, अननस, आल्याच्या जातीच्या एका वनस्पतीची गुलाबी कळी आणि कोळंबीचा आटवलेला काळा गोडसर पाक घालतात. शेवया चिनी, मसाला मलायी आणि बांगडा उभयतांच्या समुद्रातला. मालवणच्या सुगरणीला यातले अर्धे साहित्य घरचेच वाटेल आणि अर्ध्यावर ती नाक मुरडील. एक घास खाल्ल्यावर मात्र कदाचित दुसरा मागेल.

तिसरा पदार्थ ‘चार क्वे तिआव’. तांदळाच्या उकडीच्या चपट्या पट्ट्या, कोळंबी, तिसऱ्यांसारख्या शिंपल्या, मोड आलेले कडधान्य, अंडे आणि डुकराची चरबी हे सारे लोखंडी कढईत प्रखर जाळावर क्षणात परतावयाचे. ही गरीब चिनी कष्टकऱ्यांची न्याहारी. यातील जाणते आचारी एका वेळी एकाच ताटलीपुरते परततात. दहा जणांचे एकदम कढईत घातले तर कढई निवते, पट्ट्या भाजल्या जाण्याऐवजी वाफवल्या जातात आणि धुराची ती विशिष्ट चव नाहीशी होते. मग गाडीपुढे रांग लागते, आणि रांगेतील लोक मुकाट्याने उभे राहतात. कारण उशीर हाच येथे गुणवत्तेचा दाखला असतो. जेवण झाल्यावर ‘चेंडोल’. बर्फाचा कीस, नारळाचे दूध, हिरव्या मऊ शेवया आणि माडाच्या रसाचा काळसर गूळ. या गाड्यांवर ज्ञान पुस्तकातून येत नाही. बाप परततो, मुलगा शिंपल्या सोलतो, आणि वीस वर्षांनी झारा हातात येतो. एका गाडीवर सहसा एकच पदार्थ असतो, आणि त्यातच आयुष्य जाते.

अशा या शहरावर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एकामागून एक आघात झाले. १९६९ मध्ये जकातमुक्त बंदराचा दर्जा गेला आणि ज्या व्यापारावर पेठा उभ्या होत्या, तोच मंदावला. त्याआधी, १९६६ मध्ये, भाडेनियंत्रणाचा कायदा झाला होता. १९४८ पूर्वी बांधलेल्या इमारतींची भाडी त्याने गोठवली. मुंबईकरांना हे चित्र नव्याने रंगवून सांगावयास नको. १९४७ च्या कायद्याने गोठलेल्या भाड्यांच्या चाळी त्यांनी पाहिल्या आहेत. पेनांगमध्येही तेच घडले. मालकाला दुरुस्ती परवडेना आणि भाडेकरूला घर सोडवेना. छपरे गळत राहिली, पण त्यांच्याखाली शिंपी, लोहार, उदबत्त्या वळणारे, पाट्या कोरणारे आणि गाडीवर शेवया परतणारे लोक अल्प भाड्यात टिकून राहिले. या कायद्याने भिंती झिजवल्या, पण माणसे राखली.

तो कायदा १९९७ मध्ये रद्द झाला आणि १ जानेवारी २००० पासून भाडी मोकळी झाली. योगायोग असा की, त्याच वर्षी ३१ मार्चपासून महाराष्ट्रात नवा भाडेनियंत्रण कायदा अमलात आला. पण येथे जुन्या भाडेकरूंचे संरक्षण बव्हंशी कायम राहिले. पेनांगमध्ये बांध एकदम फुटला. भाडी अनेक पटींनी वाढली, आणि पिढ्यान्‌पिढ्या एकाच गल्लीत राहिलेली कुटुंबे उपनगरांतील उंच इमारतींत निघून गेली. रिकाम्या घरांना चमत्कारिक भाडेकरू मिळाले. चिनी लोकांत पाकोळीच्या घरट्याचे सूप औषधी मानतात. लाळेपासून बनलेल्या त्या घरट्याला मोठी किंमत येते. आपल्या वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांतील गुहांमध्येही या पक्ष्याचे एक भावंड घरटी बांधते, आणि तेथील घरट्यांचीही चोरटी निर्यात होत असे. जॉर्ज टाऊनमध्ये मालकांनी खिडक्या चिणल्या, आत ओल राखली, कर्ण्यांवर पक्ष्यांचा ध्वनिमुद्रित चिवचिवाट लावला आणि माणसांची घरे पाकोळ्यांना दिली. ज्या माजघरांत लहान मुले निजत होती, तेथे घरट्यांची कापणी होऊ लागली. अखेर शासनाला हा व्यवसाय वारसाक्षेत्रातून २०१३ अखेर हलविण्याची मुदत घालून द्यावी लागली.

दरम्यान २००८ चा तो जागतिक सन्मान आला होता. ज्या घरांकडे ओझे म्हणून पाहिले जाई, ती एकाएकी ठेवा ठरली. चुन्याचा गिलावा पुन्हा शिकला गेला, छपरांवर जुन्या पद्धतीची कौले चढली, आणि गेल्या शतकातील पुष्कळ पडझड थांबली. हे श्रेय लहान नाही. पण नीटनेटक्या झालेल्या घरात परत कोण आले? बहुतेक ठिकाणी प्रवाशांसाठी निवास आले, कॉफीची दुकाने आली, स्मरणवस्तू विकणारे आले. जुन्या कायद्याने माणसे राखून भिंती गमावल्या होत्या. नव्या काळाने भिंती राखल्या आणि माणसे गमावली. दोहोंपैकी एकाही वाटेने गेलेल्याला दुसऱ्यास हसण्याचा अधिकार नाही.

या संधिकाळातच भिंतींवरील चित्रांचा जन्म झाला. २००९ मध्ये राज्य शासनाने एक स्पर्धा योजून शहराची ओळख सांगणारी शिल्पे मागविली. त्यातून लोखंडी सळ्या वाकवून केलेली ५२ व्यंगचित्रे गल्लोगल्ली भिंतींवर बसली. कोठे दोर वळणारा, कोठे कावडीवाला, तर कोठे तोफेच्या धाकाने दचकलेला नागरिक, असा त्या गल्लीचा इतिहास ती थट्टेने सांगतात. पुढे २०१२ च्या जॉर्ज टाऊन महोत्सवासाठी अर्नेस्ट झाखारेविच या लिथुएनियात जन्मलेल्या तरुण चित्रकाराने काही भिंती रंगविल्या. आर्मेनियन स्ट्रीटवर, म्हणजे त्या तांबट आळीत, त्याने सायकलवरून जाणारी दोन मुले काढली. मुले रंगाची, पण सायकल खरी, जुनी, भिंतीला ठोकलेली. ताई पुढे बसून चालवते आहे, धाकटा मागून तिला मिठी मारून आनंदाने ओरडतो आहे. दुसऱ्या गल्लीत एक मुलगा खऱ्या मोटारसायकलवर बसला आहे. तिसरीकडे निळ्या पोशाखातील एक मुलगी दोन खिडक्यांच्या सज्जांवर हात टेकून अधांतरी लोंबकळते आहे. ही चित्रे जगभर गाजली. त्यांच्यापुढे रांगा लागल्या. लोक त्या सायकलच्या मागे उभे राहून छायाचित्रे काढून घेऊ लागले.

चित्रे उत्तम आहेत, यात शंका नाही. त्यांतील मुले राजपुत्र नाहीत, देवदूत नाहीत. ती त्याच गल्ल्यांतली साधी पोरे आहेत. चित्रकाराने भिंतीचे पोपडे आणि ओलीचे डागही पुसले नाहीत, ते चित्रात सामावून घेतले. पण त्यांच्यापुढे क्षणभर थांबून विचार केला म्हणजे मन चरकते. ज्या गल्लीत खरी मुले खऱ्या सायकलींवरून हुंदडत, ती गल्ली मुलांविना होऊ लागली, त्याच सुमारास ती मुले भिंतीवर अवतरली. चित्र हे आठवणीचे रूप होय. आणि आठवण सहसा निघून गेलेल्याची काढतात. त्यातही ही चित्रे कायमची नाहीत. च्यू कुळाच्या वस्तीतील नावेत बसलेल्या मुलांचे चित्र खाऱ्या हवेने फिके पडत गेले. चित्र विटावे, हा रस्त्यावरील कलेचा धर्मच आहे. वस्ती विटावी, हा मात्र शहराचा धर्म असू शकत नाही.

अन्नाच्या बाबतीतही हीच चिंता निराळ्या रूपाने उभी राहिली. गाडीवाल्याने कढईच्या धगीत उभे राहून मुलांना शिकविले. मुले अभियंते झाली, हिशेबनीस झाली, आणि बेटाच्या दक्षिणेकडील विद्युत-उपकरणांच्या कारखान्यांत नोकरीस लागली. यात वाईट काय? बापाने हेच तर इच्छिले होते. परंतु झारा कोण धरणार? अनेक गाड्यांवर परदेशांतून पोटासाठी आलेले मजूर आचारी म्हणून उभे राहू लागले. तेव्हा चव बिघडेल या भीतीने राज्य शासनाने २०१४ मध्ये एक निर्णय जाहीर केला. गाडीवर स्थानिक पदार्थ रांधण्याचे काम परदेशी माणसाने करू नये, असा तो नियम असून २०१६ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये मिशेलिन या प्रख्यात मार्गदर्शिकेने क्वालालंपूर आणि पेनांगची पहिली यादी प्रसिद्ध केली, आणि तीत रस्त्यावरच्या विक्रेत्यांनाही मानाचे स्थान मिळाले.

शासनाची चिंता खरी होती. पण तिच्यातील विसंगतीही नजरेआड करता येत नाही. ज्यांनी हे पदार्थ निर्माण केले ते कोण होते? चीनमधून आलेला मजूर, रामनाडकडून आलेला कावडीवाला, सुमात्रातून आलेला व्यापारी हे सर्व आपापल्या काळातील परदेशी आचारीच होते. पेनांगची चव मुळी परक्यांच्या हातून आली. फरक इतकाच की, ते परके तेथे राहिले. त्यांनी शेजाऱ्याची चूल पाहिली, त्याची चिंच घेतली, त्याला आपला मसाला दिला, आणि दोन पिढ्यांत ते परके उरले नाहीत. माणूस कोठून आला यापेक्षा त्याला गल्लीत राहण्यास जागा मिळते की नाही, शिकण्यास उसंत मिळते की नाही, यावर चव टिकणे अवलंबून आहे. ज्या मजुराला चार वर्षांच्या परवान्यावर एका खोलीत दहा जणांबरोबर राहावे लागते, त्याला कोणतीही परंपरा आपली वाटणार नाही. आणि ज्या गाडीवाल्याच्या मुलाला त्या धंद्यात दोन वेळचे अन्न व चार लोकांचा मान मिळतो, तो झारा टाकणार नाही.

पेनांगमध्ये दरवर्षी तैपूसमचा उत्सव होतो. चेट्टियारांचा १८९४ सालचा चांदीचा रथ शहरातून धबधब्याच्या टेकडीकडे निघतो, आणि मुरुगनचे भक्त खांद्यावर कावडी घेऊन त्या देवळांकडे जातात. शिखर शिंगणापूरच्या चैत्रातल्या कावडी पाहिलेल्या माणसाला त्याचा भाव समजावून सांगावा लागणार नाही. रथाच्या वाटेवर नारळांच्या राशी फोडल्या जातात, आणि त्या फोडणाऱ्यांत चिनी दुकानदारही हौसेने पुढे असतात. देवाची कावड आणि भाताची कावड या दोन्ही त्या शहराने एकाच खांद्यावरून वाहिल्या आहेत.

कावडीचा नियम सर्वांना ठाऊक आहे. तिला दोन पारडी असतात आणि ती सारखी भरावी लागतात. एकच भरले तर वाहणारा कलतो आणि दोन्हीकडचे सांडते. वारसा सांभाळणाऱ्या नगराच्या एका पारड्यात घरे, देवळे, चित्रे आणि नकाशे असतात. दुसऱ्यात तेथे राहणारी, भांडणारी, रांधणारी आणि मुले वाढविणारी माणसे असतात. १९६६ च्या कायद्याने एक पारडे हलके झाले, २००० च्या निर्णयाने दुसरे. जॉर्ज टाऊनमधील जाणत्या नागरिकांना हे आज कळून चुकले आहे. जुन्या कारागिरांच्या विद्येची नोंद ठेवावी, मूळच्या भाडेकरूंना परवडेल अशा भाड्यात काही घरे राखावी, असे प्रयत्न तेथे होत आले आहेत. ते पुरेसे ठरतील की नाही, याचा निर्णय कोणत्याही परिषदेत लागणार नाही. तांबट आळीतील एखाद्या घराच्या पाच फुटी वाटेवर संध्याकाळी चूल पेटते की नाही, आणि भिंतीवरच्या सायकलीपाशी खरी मुले खेळतात की नाही, यावरूनच तो लागेल.